दोन घरचा पाहुणा

वर्षभर या पानावर मी शब्दांविषयी लिहितो. दिवाळी अंकात संपादक थोडी मोकळीक देतात, आणि तिचा फायदा घेऊन या खेपेस एका फुलाविषयी लिहायचे ठरवले आहे. फुलांविषयी लिहिण्याचा मला काडीइतकाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या वाईच्या घरामागे आईने जी झाडे लावली आहेत त्यांपैकी जास्वंद, निशिगंध आणि गोकर्ण एवढीच मला ओळखू येतात. तीही फुलावर असली तर. पण हे जे फूल मी पाहिले ते शेवटी नावांच्या आणि आडनावांच्या भानगडीत सापडलेले निघाले, आणि तिथे मात्र आमच्या धंद्याचा संबंध पोचतो.

मागच्या मार्चमध्ये मला इंग्लंडला जावे लागले. 'जावे लागले' हा प्रयोग मुद्दाम केला आहे. माझी धाकटी बहीण मंजू ब्रिस्टलला असते. तिचे एक ऑपरेशन ठरले होते. फार मोठे नव्हते, पण पोटाचे होते, आणि घरात नऊ वर्षांचा मुलगा. आईचे गुडघे आता अंगणाच्या पायऱ्यांशीच हुज्जत घालतात, तिथे विमानाची गोष्ट कशाला! ती म्हणाली, "तूच जाऊन ये. आपलं कोणी तरी माणूस हवं." ऐन परीक्षेच्या तोंडावर आलेला रजेचा अर्ज पाहून आमच्या प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा अर्ज वाचला. तरी सही केली.

आता 'आपलं माणूस' या शब्दांचा अर्थ सांगायला हवा. मंजूचा नवरा घरातच होता की! त्याचे नाव थॉमस. मूळचा केरळातल्या कोट्टायमचा, ख्रिस्ती. २०१२ साली त्यांचे लग्न झाले तेव्हा आई लग्नाला गेली नाही. भांडण झाले नाही. आमच्या घरात भांडणे होत नाहीत, नुसती दारे हळूच लावून घेतली जातात. पुढे नातू झाला आणि फोन सुरू झाले. पण त्या फोनांत जावयाचा उल्लेख नावाने तर नाहीच, सर्वनामानेही नाही. "घरी सगळे बरे ना?" या 'सगळे'मध्ये त्याने स्वतःला काय ते ओळखून घ्यायचे. कर्ता गाळूनही मराठी वाक्य पुरे होते, हे मी दरवर्षी पहिल्या वर्गाला शिकवतो. पण एक अख्खा माणूस गाळून बारा-तेरा वर्षे संभाषण चालवता येते, हे मला आईने शिकवले. जाताना तिने माझ्याजवळ डिंकाचे लाडू दिले ते मंजूसाठी, मेतकूट दिले ते रोहनसाठी. तिसरी पुडी नव्हती.

ऑपरेशन नीट झाले. मंजू घरी आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहाच्या भांड्याशी झटत होतो. थॉमसने मागचे दार उघडून हाक मारली, "दादा, बाहेर या. ऊन आहे तोवर बघून घ्या." त्याला 'दादा' एवढा शब्द मंजूने शिकवला आहे, बाकी आमचे इंग्रजीत चालते. बाहेर एक सफरचंदाचे झाड होते, पानगळीने पार उघडे पडलेले. त्याच्या बुंध्याशी ओल्या काळ्या मातीवर निळा रंग सांडला होता. जवळ गेलो तेव्हा त्याची फुले झाली. झाड वीतभरही उंच नाही. दोन-तीन पट्टीसारखी पाने, मधून एक दांडी, आणि दांडीवर चांदण्यांसारखी सहा पाकळ्यांची पाच-सहा फुले. निळा कसा म्हणाल, तर जवसाच्या फुलाहून गडद आणि गोकर्णाहून उजळ. पाकळीच्या टोकाकडे रंग भरून आलेला आणि मध्याकडे येता येता फिका होत होत जवळजवळ पांढरा झालेला. थंडीने माझे कान दुखत होते, पण उठून जावेसे वाटेना.

"याचं नाव कायोनोसिला," थॉमस म्हणाला. "हे दोन घरांचं मूल आहे."

हे तो कोणत्याही खास सुरात म्हणाला नाही. फुलाविषयीच म्हणाला. तरी मी उगाचच खाली बघितले.

नंतरच्या पंधरा दिवसांत, मंजू दुपारी झोपली की थॉमसची पुस्तके आणि मी, असा माझा अभ्यास चालला. त्यातून जे हाती लागले ते सांगतो. वनस्पतीचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्या सोयीसाठी पहिल्याला आडनाव म्हणू, दुसऱ्याला पाळण्यातले नाव. सिला हे एक आडनाव. त्या घरातली एक मुलगी म्हणजे सिला बायफोलिया. बायफोलिया म्हणजे दोन पानांची. युरोपातल्या रानांत आणि कुरणांत ती पुरातन काळापासून आहे. कायोनोडॉक्सा हे दुसरे आडनाव. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो हिमाचे वैभव. तुर्कस्तानच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर बर्फ वितळू लागले की त्याच्या कडेकडेने ही फुले उमलतात, म्हणून हे नाव.

एकाच आडनावाच्या दोन जातींचा संकर होणे ही बागांत नेहमीची गोष्ट. दोन वेगळ्या आडनावांत तो क्वचित होतो. आपल्याकडे सगोत्र विवाह चालत नाही; फुलांच्या राज्यात सगोत्रच चालतो, परगोत्र जमला तर नवल! असे नवल घडले की शास्त्रज्ञ दोन आडनावांची मोडतोड करून एक नवे आडनाव जुळवतात आणि त्याच्या आधी गुणाकाराची फुली मारतात. कायोनोडॉक्साचा कायोनो आणि सिलाची सिला, आधी फुली. फुली हे चिन्ह आपल्या शाळेत कशासाठी असते हे वाचकांना सांगायला नको.

या मुलाचे आईबाप एकमेकांना भेटले कसे, ती हकीकत मोठी मजेदार आहे. जिनिव्हाचा बोआसिए नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पूर्वेकडच्या देशांतल्या वनस्पतींवर पाच खंडांचा ग्रंथ लिहिणारा हा मोठा माणूस. १८४२ साली तुर्कस्तानात स्मर्नाच्या पूर्वेला बोझ दाग नावाच्या डोंगरावर त्याला हे फूल सापडले. १८४४ साली त्याने त्याला कायोनोडॉक्सा लुसिली असे नाव दिले. लुसील ही त्याची बायको. त्याच्या प्रवासात ती बरोबर असे. पुढे पाचच वर्षांत, १८४९ साली, स्पेनमधल्या ग्रॅनाडा शहरी प्रवासातच ती वारली. तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती. फूल मात्र कागदावरच राहिले. त्याचे जिवंत कांदे इंग्लंडात आणले ते १८७७ साली जॉर्ज मॉ याने. या मॉचा धंदा फरशा आणि चिनी मातीच्या टाइल्स बनवण्याचा, आणि वेड मात्र डोंगरातल्या कंदफुलांचे. केशराच्या कुळीवर त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यातली चित्रेही त्याने स्वतःच काढली. कारखाना चालवून हे सारे करणारी माणसे पाहिली की आम्हा प्राध्यापकांना आपल्या सुट्ट्यांचा हिशोब द्यायची लाज वाटते.

यात एक गंमत अशी झाली की मॉने आणलेले फूल लुसीलचे नव्हतेच. ते तिच्या एका चुलतबहिणीचे म्हणावे असे, जवळच्याच दुसऱ्या जातीचे होते. बागवानांनी ते लुसील म्हणून लावले, लुसील म्हणून विकले, लुसील म्हणून एकमेकांना दिले. चूक ध्यानात आली तोवर ते घराघरांत पोचले होते. शास्त्रज्ञांनी पुढे त्याची वेगळी नावे ठरवली, पण त्या नावांवरही पुन्हा मतभेद झाले. तरुण वयात गेलेल्या त्या बाईचे नाव कितीतरी वर्षे दुसऱ्याच फुलाने सांभाळले. मला हे त्या शास्त्रज्ञांइतके खटकत नाही.

तर १८७७ पूर्वी इंग्लंडच्या बागांत ही दोन घरे शेजारी आलीच नव्हती. ती आली, आणि वीस वर्षांच्या आत मूल जन्माला आले. ते ज्या बागेत आले ती बाग जेम्स ॲलन याची. गाव शेप्टन मॅलेट, सॉमरसेट परगण्यातले. हा ॲलन १९०६ साली वारला. स्नोड्रॉप नावाचे जे पांढरे, मान खाली घातलेले फूल असते, त्याचा त्याला ध्यास होता. वेगवेगळ्या देशांतले स्नोड्रॉप जमवून, त्यांचा जाणूनबुजून संकर करून नवे वाण काढणारा पहिला माणूस तोच म्हणतात. १८९१ साली लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने नुसत्या स्नोड्रॉपवर परिषद भरवली, तिथे त्याने निबंध वाचला. शंभरावर वाण त्याने तयार केले. परागकण उचलायचे, दुसऱ्या फुलाला लावायचे, बी धरले की पेरायचे आणि पहिले फूल येईपर्यंत तीन-चार वर्षे वाट पाहायची, पुन्हा पुढचे. हे त्याने वर्षानुवर्षे केले. मग बागेत बुरशीचा रोग शिरला, कांदे पोखरणारी माशी आली, आणि त्या शंभरांतले बहुतेक वाण डोळ्यांदेखत गेले. 'मर्लिन' राहिला, ज्याच्या आतल्या पाकळ्या सबंध हिरव्या असतात. 'मॅग्नेट' राहिला, ज्याचे फूल लांब बारीक देठावर लोंबते आणि जरा वारा आला की डुलते. आणखी थोडे राहिले. बाकी नावे यादीत.

आणि हा कायोनोसिला? त्यासाठी ॲलनने काही केलेच नव्हते. दोन्ही घरांची फुले एकाच आठवड्यात उमलतात. एका सकाळी एखादी मधमाशी या ताटव्यावरून त्या ताटव्यावर गेली असेल, इतकेच. आपोआप पडलेल्या बियांतून ही निळी चांदणी वर आली. ती वेगळी आहे हे ओळखणारा माणूस त्या बागेत होता, हे तिचे नशीब. क्यूच्या उद्यानाचे निकल्सन यांनी तिला ॲलनचे नाव जोडले. ज्यावर आयुष्य घातले ते बुरशीने नेले, आणि जे मधमाशीने केले त्यावर नाव राहिले! लेखकांच्या बाबतीतही असे होते, पण तो विषय वेगळा.

आता आईबापांतला फरक. कायोनोडॉक्साच्या पाकळ्या बुडाशी जुळून त्यांची लहानशी नळी झालेली असते. तिच्या पुंकेसरांचे देठ चपटे, रुंद, पांढरे, आणि ते मध्ये एकमेकांना चिकटून उभे असतात, जणू फुलात एक छोटे पांढरे देऊळ. सिलाच्या पाकळ्या सुट्या, केसरांचे देठ बारीक आणि पसरलेले. पांढरा डोळा नाही. कायोनोसिलात काय होते? पाकळ्यांचा गडद रंग सिलाचा. मध्याची फिकी झाक कायोनोडॉक्साची. केसर धड चपटे नाहीत, धड बारीक नाहीत. देवळाची दारे अर्धी उघडलेली. थॉमसने एक फूल खुडून भिंगाखाली धरले आणि मला म्हणाला, "सांगा, यात कुठपर्यंत आई आणि कुठून पुढे बाप?" मी बराच वेळ पाहिले. सांगता आले नाही.

त्यावरून मला आमचा वर्ग आठवला. अलंकार शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतो. एकाच ओळीत दोन अलंकार आले तर काय म्हणायचे? आपल्या जुन्या शास्त्रकारांनी त्याची दोन उत्तरे दिली आहेत. तीळ आणि तांदूळ मिसळल्यासारखे ते एकत्र असतील, म्हणजे बसून निवडता येतील, तर ती संसृष्टी. दूध आणि पाणी मिसळल्यासारखे असतील, निवडता येणार नाहीत, तर तो संकर. वीस वर्षे हे मी फळ्यावर लिहितो आहे. पण संकर म्हणजे काय हे मला ब्रिस्टलच्या त्या भिंगाखाली कळले. नवल असे की गीतेतला अर्जुन ज्या शब्दाला इतका भितो, तोच शब्द साहित्यशास्त्रात अलंकार आहे! एकाच भाषेने एकच शब्द एका पानावर शाप म्हणून वापरला आणि दुसऱ्या पानावर दागिना म्हणून. आपल्या रोजच्या बोलण्यात तर या दागिन्यांची मोजदादच नाही. 'गैरसमज' घ्या. त्यातला 'गैर' अरबस्तानातून आलेला, 'समज' इथला. 'बेधडक'मधला 'बे' फारसी, 'धडक' आपली. गैरसमज कोणाला परका वाटतो? उलट त्याच्याइतके घरगुती आमच्यात काही नाही.

साखरपट्ट्यातल्या वाचकांना तर संकराचे अप्रूप सांगायलाच नको. कोइमतूरच्या संशोधकांनी गोड पण नाजूक उसाचा रानटी काश-गवताशी संकर केला आणि १९१८ साली को २०५ हा वाण शेतात आला. संस्कृत कवी शरद ऋतूत ज्याच्या पांढऱ्या तुऱ्यांचे गोडवे गातात, तेच हे गवत. पुढे त्याच संस्थेत जानकी अम्माळ या विदुषीने उसाचा मक्याशी संकर घडवला, म्हणजे परगोत्र. याच बाई नंतर इंग्लंडात गेल्या, आणि १९४५ साली डार्लिंग्टनबरोबर त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांची मोठी सूची प्रसिद्ध केली. केरळची ही बाई इंग्रजांच्या बागेतल्या फुलांची वंशावळ तपासत बसलेली. थॉमसच्या कपाटावर तिचा फोटो आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९७० च्या दशकात स्पेटा नावाच्या एका ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने या सगळ्या घराण्याची कागदपत्रे पुन्हा उघडली, आणि त्याने निकाल दिला की कायोनोडॉक्सा हे वेगळे घर मानण्याचे काही कारण नाही. पाकळ्यांची नळी आणि केसरांचा चपटेपणा एवढ्यावर आडनाव वेगळे होत नाही. ही सारी मंडळी सिलाच. क्यूच्या यादीतही आता तसेच धरतात. म्हणजे लुसील आता सिला लुसिली झाली, आणि आमच्या पाहुण्याचे नाव सिला ॲलनी. फुली अजून आहे, पण ती सरकून आडनावाच्या मागे गेली. एकाच घरातला संकर, नेहमीचा. परगोत्र विवाहाचे नवल म्हणून जे फूल इतकी वर्षे दाखवले गेले, ते एका कागदाने सगोत्र ठरले. बरे, नात्यांची ही उलथापालथ इथेच थांबत नाही. पूर्वी ही सगळी कंदफुले लिलीच्या कुळात होती. आता नव्या वर्गीकरणाने त्यांना शतावरीच्या कुळात बसवले आहे. आई रोज रात्री दुधातून शतावरी कल्प घेते, ती त्यांची थोरली!

जुने बागवान मात्र कायोनोसिला हे नाव सोडायला तयार नाहीत. थॉमसही नाही. मी विचारले, "शास्त्र म्हणते ते तुला मान्य नाही का?" तो म्हणाला, "मान्य आहे. पण ज्या बाईंनी मला हे कांदे दिले, त्यांनी चिठ्ठीवर कायोनोसिला लिहिलं होतं."

त्या बाई याच गल्लीत राहत. ही मंडळी इथे राहायला आली त्या वर्षी त्यांनी कुंपणावरून तीन कांदे कागदी पिशवीत घालून दिले. हे फूल दुकानांत सहसा मिळत नाही. कंदफुलांचा खास व्यापार करणाऱ्या थोड्या लोकांकडे असते. त्याचा एक निवडक वाण फ्रा अँजेलिको या जुन्या इटालियन चित्रकार साधूच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या चित्रांतला निळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना नावाचे कारण कळेल. पण बियांतून जसेच्या तसे फूल येईल याचा भरवसा नसतो. मूळ कांद्याला बाजूने पिल्ले फुटतात, ती उन्हाळ्यात पाने वाळल्यावर खणून वेगळी करायची आणि हिवाळ्यापूर्वी लावायची. म्हणून हे झाड पसरते ते हातोहात, या अंगणातून त्या अंगणात. त्या बाई पुढे गेल्या. घर विकले गेले, नव्या मालकाने बागेवर फरशी टाकली. थॉमसच्या सफरचंदाखाली मात्र ते आहे.

परतण्यापूर्वी एका रविवारी थॉमस मला शेप्टन मॅलेटला घेऊन गेला. ब्रिस्टलपासून दक्षिणेला वीसएक मैल. मेंडिपचे डोंगर ओलांडून जावे लागते. गावात एक प्रचंड जुना तुरुंग आहे. १६२५ पासून चालू होता, २०१३ साली बंद झाला, आता तिकीट काढून आत जाता येते. ॲलनच्या आठवणीने गावात फेब्रुवारीत स्नोड्रॉपचा उत्सव भरतो. आम्ही गेलो तो संपला होता आणि फुले वाळून गेली होती. बघण्यासारखे म्हणजे रस्त्याकडेला गावकऱ्यांनी लावलेल्या त्यांच्या हिरव्या पात्या. बाकावर बसून आम्ही मंजूने दिलेल्या पोळीभाजीच्या गुंडाळ्या खाल्ल्या. थॉमस बराच वेळ गप्प होता. मग एकदम म्हणाला, "दादा, तुमच्या आईंना झाडांचं कळतं असं मंजू म्हणते."

"कळतं," मी म्हटले.

"निशिगंध त्यांच्याकडे दरवर्षी येतो?"

"दरवर्षी."

"माझा कुजला," तो म्हणाला. "काचघरात लावून पाहिला." त्यापुढे आमचे बोलणे झाले नाही.

घरी आल्यावर आईने प्रवासाचे विचारले, मंजूच्या टाक्यांचे विचारले, रोहन मेतकूट खातो का ते विचारले. मी फोनमधले फोटो दाखवत होतो. निळे फूल आले तेव्हा तिने चष्मा सारखा केला आणि फोन हातात घेतला. "हे कुठलं?"

"मंजूच्या मागच्या अंगणात आहे."

"जात कोणती?"

मी तिला सगळे सांगितले. दोन घरे, बर्फ, मधमाशी, शेप्टन मॅलेट, आणि शेवटी स्पेटाचा निकाल. आईला गोष्ट पुरी ऐकायची सवय आहे. मध्ये बोलत नाही. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे वेगळे वेगळे म्हणत होते ते एकाच घरातले निघाले."

"हो. तसं ठरवलं."

"मग फुलाला कळवलं का कुणी?"

मी हसलो. ती हसली नाही. तिने फोटो बोटांनी मोठा केला, मातीकडे पाहिले आणि म्हणाली, "इथे येईल का?" नाही येणार, मी सांगितले. त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते; शिवाय परदेशातून कांदा आणायचा तर परवाने लागतात. "आपल्याकडे दीपकाडी येते ना तशी," ती म्हणाली. मला दीपकाडी माहीत नव्हती. आजोळी पठारावर पहिला पाऊस पडला की कातळावरच्या मातीतून पांढऱ्या फुलांची काडी वर येते, असे ती म्हणाली. आठ महिने खाली कांदा झोपलेला असतो, कोणाला दिसतही नाही. मी पुढे शोधून पाहिले, तर दीपकाडी सिलाच्याच कुळातली, त्याच शाखेची. तिकडे बर्फ वितळले की, इकडे मृग बरसला की. आईने हे कोणत्या यादीत वाचले नव्हते.

मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दर दिवाळीला मंजूकडे फराळाचा डबा जातो. तो महिनाभर आधी टपालात पडावा लागतो. परवा आई चकल्या भरत होती आणि फोनवर मंजू बोलत होती. सहज म्हणाली की मागे अंगणात कांदे लावायचे काम चालले आहे. उन्हाळ्यात खणून वेगळे केले, निळ्याचे तीनाचे चौदा झाले, त्यांतले चार गल्लीत नव्याने आलेल्या बिऱ्हाडाला द्यायचे आहेत. आईचा हात थांबला. फोन माझ्या हातात होता, स्पीकर चालू.

"पाणी फार घालतात का?" आईने विचारले. मंजू म्हणाली, तिथे पाऊसच असतो सारखा.

आईने चकल्यांचा डबा बाजूला सारला. म्हणाली, "सांग त्याला, झोपलेल्या कांद्याला पाणी नको. तळाला वाळू घाल म्हणावं, जाड. निशिगंधाला पण तेच. म्हणून कुजला असेल त्याचा."

फोनवर काहीच ऐकू येईना. मला वाटले लाइन तुटली. आईने डब्याला झाकण लावले आणि चिकटपट्टी शोधायला आत निघून गेली.

थोड्या वेळाने मंजूचा आवाज आला, अगदी हळू. "दादा, आई 'त्याला' म्हणाली?"

"म्हणाली."

"'त्यांना' नाही? नीट ऐकलंस?"

"मंजे," मी म्हटले, "मी सर्वनामं शिकवून पोट भरतो."